तेल जातंय कुठं?

त्या माणसाबद्दल चांगलं बोलावं की वाईट, हे ठरवण्यात माझी तीन वर्षं गेली आणि अजून ठरलेलं नाही. परवा गाडीतळाच्या बसस्टॉपवर तो उभा दिसला. तोच पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली, हातात डब्याची पिशवी. भाजीला निघालेली मी तशीच मागं फिरले. घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हटलं, बास झालं, आता एकदा सगळं सांगूनच टाकते.

तो ट्रकचा मिस्त्री. पूर्वी मी त्याला 'ते' म्हणायचे. आता नाही म्हणवत. राहायला सदाशिव पेठेत, आणि काम हडपसरला, सासवड रोडच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये. रोज बसनं यायचा, दिवसभर ट्रकच्या पोटाखाली झोपायचा आणि संध्याकाळी तसाच पांढराशुभ्र परत जायचा. शर्टावर एक डाग दिसेल तर शपथ! आमच्याकडचे ड्रायव्हर म्हणायचे, ग्रीससुद्धा या माणसाला भिऊन असतं. हाताखाली कुणी ठेवला नव्हता. का, तर म्हणे, "दोघं असले की चूक कुणाची यावर चर्चा होते. एकटा असलो की चर्चा वाचते." कुणी कौतुकानं उस्ताद म्हटलं तर चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "उस्ताद तबल्याचे असतात. मी इंजिनं बघतो."

आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. एखाद्याचा मूर्खपणा अगदीच हाताबाहेर गेला की फक्त "वा, छान" म्हणायचा. ते 'वा, छान' ऐकलं की मोठमोठे ट्रकमालक शाळेतल्या पोरांसारखे खाली बघायला लागायचे. मी हसायचे त्यांना. तेव्हा हसायला काय जात होतं माझं!

एकदा लोणीचा एक ड्रायव्हर आला होता. धिप्पाड गडी, मिशा या एवढ्या. म्हणाला, "इंजिनातून आवाज येतोय."

"कसा?"

"खडखड येतोय."

"काढून दाखवा."

"आं?"

"आवाज. आपण ऐकलाय, मी नाही ऐकला. काढा तोंडानं."

तिथं आम्ही पाच-सहा जण बसलेलो. तो बिचारा इकडंतिकडं बघून म्हणाला, "खड... खड खड."

"हा चढावरचा की सपाटीवरचा?"

"चढावरचा."

"मग चढावरचा काढा ना. हा तर उभ्या गाडीचा वाटतोय."

त्या माणसानं श्वास भरून घेतला आणि लालबुंद होऊन "ख्खड ख्खड ख्खड घर्रर्र" असं काहीतरी काढलं. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "हे घर्रर्र आत्ता आलं. मघाशी का लपवलंत?" आम्ही पोट धरधरून हसलो. पण मग मिस्त्री उठला, बॉनेटखाली हात घालून इंजिन ज्याच्यावर बसतं तो एकच नट आवळला आणि गाडी चालू करायला सांगितली. आवाज गायब. असा माणूस होता. म्हणून तर आम्ही त्याचं सगळं सोसायचो.

सोसण्यासारखं बरंच होतं. शेडमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक तार बांधलेली होती, कपडे वाळत घालायची असते तशी. तिच्यावर मालकांनी आपापल्या अकलेनं केलेले उपाय लटकवलेले असायचे. डिझेलची टाकी गळते म्हणून चिकटवलेला साबण. पाइपला बांधलेला स्लिपरचा पट्टा. फॅनबेल्टच्या जागी पिळून घातलेली ओढणी. प्रत्येकाला दोऱ्यानं एक पुठ्ठा बांधलेला आणि पुठ्ठ्यावर सुंदर वळणदार अक्षरात मालकाचं नाव आणि गाव. साबणवाला मुरमाचा कॉन्ट्रॅक्टर होता, गावात चारचौघांत वजन असलेला. तो दर महिन्याला येऊन गयावया करायचा, "मिस्त्री, तेवढा साबण काढा हो, पाव्हणेरावळे बघतात." मिस्त्री म्हणायचा, "गाडी विका. दुसऱ्या दिवशी काढतो."

आमचा मांडवाचा धंदा. कमानी, पाइप, पडदे, खुर्च्या, स्टेज. वडिलांनी उभा केला, ते गेल्यावर मी आणि धाकटा भाऊ दीपक, आम्ही दोघांनी ओढला. ऑर्डरी, फोन, माणसं माझ्याकडं, ट्रक त्याच्याकडं. ट्रक वडिलांच्या वेळचा, वीसेक वर्षांचा. दीपकनं त्या ट्रकमध्येच गाडी शिकली. लग्नाआधी स्थळ बघायलासुद्धा तो त्याच ट्रकमधून गेला होता, आणि मुलीनं हो म्हटलं. त्याच्या पहिल्या पोरीचं बारसं झालं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाडीनं तेल प्यायला सुरुवात केली.

रोज सकाळी ऑइलची पट्टी ओढून बघावी तर पातळी खाली. टाकावं, दोन दिवसांनी परत खाली. आणि गंमत अशी की गाडी उभी असते तिथं खाली थेंब नाही, सायलेन्सरमधून निळा धूर नाही. दीपक म्हणाला, "आक्का, इंजिन गेलंय. खोलायला लागतंय." मी म्हटलं, आधी मिस्त्रीला दाखवू. लग्नसराईत इंजिन खोलून ठेवलं तर आम्ही खुर्च्या काय डोक्यावरून वाहायच्या?

मिस्त्रीनं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "अहो, गाडी तेल खातेय."

"गाडीला तोंड आहे का?"

"नाही."

"मग खात नाही. तेल जातंय. कुठंतरी जातंय. कुठं, एवढंच शोधायचं."

मग त्यानं त्याची अट सांगितली. ती सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती: रोज एकच प्रश्न. म्हणजे तेल जायच्या जितक्या वाटा, तितके प्रश्न, आणि एका दिवशी एकच वाट बघायची. दुसरी बघायची नाही, मग हातात सहा तास मोकळे असले तरी. का विचारलं तर म्हणायचा, "दोन गोष्टी एकदम बघितल्या की माणूस आवडती गोष्ट खरी धरतो." गाडी तेवढे दिवस शेडमध्ये, किल्ली त्याच्या खुंटीवर.

आणि त्याआधी, सगळ्यात पहिल्यांदा, तो मालकाला समोर बसवायचा. माझ्यासाठी स्टूल पुसलं, स्वतः उभा राहिला.

"बाई, या गाडीत आपण स्वतःच्या हातानं काय काय केलंय?"

आता खरं सांगते. केलं होतं. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनाला जोडलेला एक छोटा कॉम्प्रेसर असतो, तो हवा दाबून टाकीत भरतो, आणि त्या हवेच्या जोरावर ब्रेक लागतात. त्या टाकीच्या तळाला एक कॉक असतो. साठलेलं पाणीबिणी रोज सकाळी तो उघडून काढून टाकायचं असतं. आमचा कॉक झिजला होता. रात्रभर हवा निघून जायची आणि सकाळी हवा भरेपर्यंत गाडी पंधरा-वीस मिनिटं नुसती गुरगुरत उभी. इकडं माणसं खोळंबलेली, तिकडं नवरीचा बाप फोनवर. एका सकाळी माझं डोकंच फिरलं. दीपक गावाला गेलेला. मी पाना घेतला, कॉक काढून फेकला, त्याच मापाचा बोल्ट शोधला, त्याला नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी गुंडाळली आणि दिला आवळून. हवा जायची बंद! मला कोण आनंद झाला. मांडववाल्याची पोरगी आहे, पाना धरता येतो मला, असं स्वतःशीच म्हटलं. दीपकला सांगायचं राहून गेलं. आणि त्याला कळणार तरी कसं, कॉक उघडायला म्हणून तो त्या टाकीखाली कधी वाकायचाच नाही.

मिस्त्री उत्तराची वाट बघत होता. माझी नजर वर तारेकडं गेली. साबण, पट्टा, ओढणी. त्यांच्या शेजारी माझा बोल्ट आणि खाली पुठ्ठ्यावर माझं नाव. साबणवाल्याला मी किती हसले होते! शिवाय मनात म्हटलं, तेलाचा आणि हवेचा काय संबंध? तेल इंजिनात, हवा टाकीत.

"काही नाही केलं," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"वा, छान," तो म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

पहिल्या दिवशी त्यानं ट्रकखाली पांढरी चादर अंथरली. खरीखुरी चादर, इस्त्री केलेली, घरून आणलेली. चार तास इंजिन चालू ठेवलं. चादरीवर दोन माश्या सोडल्या तर काही पडलं नाही. मी म्हटलं, "हे तर आम्हीच सांगितलं होतं." तो म्हणाला, "आपण सांगितलं होतं. चादरीनं आज सांगितलं." दुसऱ्या दिवशी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरून उभा राहिला आणि दीपकला ॲक्सिलरेटर दाबायला लावला. रुमालावर कोरडी काजळी आली, तेल नाही. म्हणजे तेल जळत नव्हतं, पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या. इंजिन खोलायचं वाचलं म्हणून दीपकनं मला टाळी दिली. तिसऱ्या दिवशी रेडिएटरचं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उन्हात ठेवलं, तवंग येतो का बघायला. नाही आला.

रोज चहाच्या वेळी तो माझ्यासमोर येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "बाई, काही सांगायचं राहिलंय का?" मी म्हणायचे नाही. मला वाटायचं, ही याची सवय आहे, जसं काही लोक दर वाक्याला 'काय' म्हणतात. चौथ्या दिवशी तर मी चिडवलं, "अहो मिस्त्री, लग्नाचं विचारताय का? झालंय माझं." तो हसला नाही. त्या दिवशी तेल वाफेबरोबर तर जात नाही ना, म्हणून इंजिनाच्या वाफेच्या नळीला फुगा बांधून तो किती फुगतो ते बघत बसला होता. एवढा मोठा माणूस, पांढरा शर्ट, आणि समोर बारशातला असतो तसला गुलाबी फुगा. मी त्याचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. खूप हसले सगळे.

पाचव्या दिवशी माझा धीर संपला. सासवडला आमचं एका लग्नाचं सगळं सामान पडलं होतं, लॉनवाला उचला उचला म्हणून फोन करत होता, आणि दुसऱ्या दिवशी मांजरीत साखरपुडा, तेच सामान तिथं लागणार. भाड्याचा ट्रक म्हणाल तर त्या आठवड्यात हडपसरमध्ये बैलगाडी मिळाली नसती, अशी तिथी. मी दीपकला घेऊन शेडमध्ये गेले आणि म्हटलं, "मिस्त्री, आजच्या दिवस गाडी द्या. तेल वरपर्यंत भरून नेतो, संध्याकाळी आणून लावतो. मग विचारा तुमचे प्रश्न वर्षभर."

"उद्याचा प्रश्न बाकी आहे," तो म्हणाला.

"उद्या साखरपुडा आहे!"

"बाई, काही सांगायचं राहिलंय का?"

"हो, राहिलंय! तुमच्या या नाटकापायी माझा धंदा बसायची वेळ आलीय, हे सांगायचं राहिलंय." मी खुंटीवरची किल्ली घेतली आणि दीपकच्या हातात दिली. मिस्त्रीनं अडवलं नाही. दीपक वर चढून बसल्यावर मात्र तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "घाटात घालू नका."

सासवडला जायला दिवे घाट सोडून दुसरा काय रस्ता आहे हो आम्हाला? मी म्हटलं, "मग काय सारसबागेत फिरवून आणू?"

दीपक हसला. गाडी निघून गेली.

एक वाजायच्या सुमाराला फोन आला, अनोळखी नंबर. कुणीतरी बाई होती, तिच्या मागं खूप हॉर्न वाजत होते. ती म्हणाली, "ताई, ट्रकवर तुमचा नंबर लिहिलाय म्हणून केला. ड्रायव्हर जिवंत आहे." एवढंच मी नीट ऐकलं. पुढचं काय बोलली ते अजून आठवत नाही. घरात दीपकची बायको पोरीला पाजत बसली होती, तिला काय सांगायचं ते मला सुचेना. मी नुसती तिच्यासमोर फोन धरून उभी.

सामान भरून परत येताना, घाट उतरताना ब्रेक लागले नाहीत. पहिली दोन वळणं लागले, तिसऱ्याला पाय दाबला तर पॅडल नुसतं खाली गेलं. मागं पाइप आणि कमानींचा भार. दीपकनं गिअर खाली ओढला, हँडब्रेक ओढला, आणि दरीकडं जायच्या आत गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. समोरून शाळेची बस येत होती. तो म्हणतो, मुलांची तोंडं दिसली मला काचेतून. त्या बसला टेकता टेकता राहिला. पत्रा आत आला आणि त्याची उजवी नडगी आणि घोटा त्यात सापडला. बाहेर काढायला पाऊण तास लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपकचं ऑपरेशन झालं, सळई घातली. डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण चालणं पहिल्यासारखं होणार नाही. त्याची बायको त्याच्यापाशी थांबली. ट्रक तिथंच होता आणि पंचनाम्यासाठी मालक लागतो, म्हणून मी घाटात गेले. जाऊन बघते तर काय! रस्त्याच्या कडेला पांढरा शर्ट.

मिस्त्री आधीच आला होता. हवालदाराशी बोलून परवानगी घेतलेली. मला बघून मान लववली, एक शब्द नाही. मग शर्टाच्या बाह्या वर करून, मी त्याचे दंड पहिल्यांदाच बघत होते, तो त्या तिरक्या पडलेल्या ट्रकखाली सरपटत गेला, सरळ हवेच्या टाकीपाशी. पाना लावला. माझा बोल्ट फिरायला लागला. मी तो ओळखला हो लांबूनच, पांढऱ्या पट्टीची एक शेंडी बाहेर लोंबत होती.

बोल्ट निघाला आणि टाकीतून तेल पडायला लागलं. काळं, घट्ट, पाण्यात मिसळून मळीसारखं झालेलं. पडतंय, पडतंय, थांबायचं नाव नाही. एक धार उताराला लागून खाली वळणापर्यंत गेली. हवालदार म्हणाला, "आयला, ही ब्रेकची टाकी का तेलाची?" मी गटाराच्या कठड्यावर खाली बसले. इतके दिवस आम्ही शोधत होतो ते तेल हे होतं. कॉम्प्रेसर आतून झिजला होता. इंजिनाचं तेल त्याच्या वाटेनं हवेबरोबर टाकीत जात होतं, आणि कॉक असता तर पहिल्याच सकाळी बाहेर पडून सगळ्यांना दिसलं असतं. पण तिथं माझा बोल्ट. मग ते आतच साठलं आणि ब्रेकच्या नळ्यांत गेलं. तिथले रबर तेलानं फुगून आखडले. मी रोज वरून तेल घालत होते आणि ते दीपकच्या ब्रेकमध्ये जात होतं.

मिस्त्री बाहेर आला. शर्ट पाठीकडून काळा झाला होता.

मी कसंबसं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं टाकीच बघायची?"

"सहावा प्रश्न तोच होता."

"पण तुम्ही सरळ बोल्टच..."

"बोल्ट पहिल्याच दिवशी बघितला होता," तो म्हणाला. "चादर अंथरताना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. "पहिल्या दिवशी? तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"बोल्ट माहीत होता. तेल आत आहे हे माहीत नव्हतं. शंका होती. शंकेवर मी बोलत नाही."

"अहो पण मला विचारायचं तरी! हा बोल्ट का लावला म्हणून!"

"रोज विचारत होतो, बाई."

त्या माणसाला माहीत होतं. समोर उभं राहून, चहाचा कप हातात घेऊन, पाच दिवस तो माझ्या तोंडून ते निघायची वाट बघत होता. माझा भाऊ त्याच ट्रकमध्ये बसून त्याच्या सांगण्यावरून ॲक्सिलरेटर दाबत होता, आणि हा वाट बघत होता. कसला माणूस हा? माणूस तरी आहे का? मी ओरडले त्याच्यावर. घाटात, लोकांसमोर, काय काय बोलले. हवालदार मध्ये पडला.

तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "घाटात घालू नका, असं मी म्हटलं होतं."

"का ते नाही सांगितलंत!"

"आपण तरी कुठं सांगितलंत?"

आणि मग त्याचं तोंड एकदम पडलं. इतक्या वर्षांत मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. म्हणाला, "काल तुम्ही गेलात आणि मी शेड बंद केली. बस धरली. वडकीला, घाटाच्या पायथ्याशी, स्टॉपवर उभा होतो अकरापासून. खाली आली की गाडी अडवायची म्हणून."

"मग?"

"गाडी खाली आलीच नाही."

पायथ्याशी हो, पायथ्याशी! ब्रेक घाटात जातात आणि हा शहाणा पायथ्याशी उभा. वर जायच्या आधीच अडवायला, फोन करायला, ओरडायला याला काय झालं होतं? मला आजही त्याचा संताप येतो. आणि तरी दोन तास उन्हात त्या स्टॉपवर वर रस्त्याकडं बघत उभा असलेला तो पांढरा शर्ट माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नंतरचं ऐकीव आहे. त्यानं आठ दिवस शेड उघडली नाही. उघडली तेव्हा तार काढून टाकलेली होती. साबणवाला कॉन्ट्रॅक्टर पेढे घेऊन गेला म्हणे, तर मिस्त्रीनं ते घेतले नाहीत. आता गाडी आली की तो बोलायच्या आधी हवेच्या टाकीखाली वाकतो, आणि रोज एक प्रश्न वगैरे काही नाही, एका दिवसात सगळं बघतो, घाईघाईनं. लोक म्हणतात, पूर्वीसारखं निदान राहिलं नाही त्याचं. चुकतो. मी परत त्याच्याकडं गेले नाही.

पण घाटातून मी त्या दिवशी तडक हॉस्पिटलात आले, ते सांगायचं आहे. संतापानं नुसती पेटले होते. दीपक जागा होता, पाय वर टांगलेला, तोंड सुजलेलं. त्याची बायको खाली जेवायला गेली होती. मी दारातूनच सुरू झाले. सगळं सांगितलं. टाकीतलं तेल, काळी मळी, आणि तो माणूस पहिल्या दिवसापासून बोल्ट बघून गप्प कसा बसला ते.

दीपक उठून बसायला लागला. "त्याला म्हाईत व्हतं? आन् बोलला न्हाय?"

"एक अक्षर नाही."

"च्यायला! पोरांची बस व्हती समोर, आक्का. पोरांची!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी सोडत न्हाय त्याला. पोलिसात जायचं. केस टाकायची. आजच. हवालदारालाच बोलाव इथं."

"हो," मी म्हटलं. "टाकू केस."

"अन् तो बोल्ट कुणी लावला, तेबी शोधायचं. पंक्चरवाल्यानं लावला आसंल त्या, मागं टायर काढलेला तव्हा. त्यालाबी घ्यायचं संगं. माझ्या गाडीला हात लावून सांगत न्हाईत म्हंजी काय?"

मी त्याच्या पायाकडं बघत होते. प्लास्टरच्या टोकाला बोटं दिसत होती, निळी पडलेली. मला वाटलं होतं, सांगायला वेळ लागेल, काहीतरी जुळवाजुळव करावी लागेल. तसं काही झालं नाही.

"मी लावला," मी म्हटलं.

तो माझ्याकडं बघत राहिला.

"ज्येष्ठात. तू गावाला गेलावतास. हवा जात होती म्हणून."

"मिस्त्रीला सांगितलं न्हाई?"

"त्यानं पाच वेळा विचारलं."

"मग?"

"लाज वाटली."

खाली रस्त्यावर कुठल्यातरी गाडीनं हवेचे ब्रेक सोडले, फुस्स असा आवाज झाला, आणि त्या आवाजासरशी तो पलंगावर दचकला. उशी सरळ करायला मी पुढं झाले तर त्यानं हातानं नको म्हटलं. जरा वेळानं त्यानं भिंतीकडं तोंड केलं.

"मग ऱ्हाऊ दे केस," तो म्हणाला.